दोन मालिकांच्या मधलं

विंचुरात मृणाल दुसानीसला मृणाल म्हणणारं माणूस क्वचित भेटतं. माझ्या चुलतीसाठी ती मंजिरी आहे, चुलतबहिणीसाठी अनु, आणि शेजारच्या वहिनी, ज्या २०१०च्या उन्हाळ्यात लग्न होऊन इथे आल्या, त्या तिला अजून शमिकाच म्हणतात. कोण कुठलं नाव घेतं त्यावरून त्या घरातला रिमोट कोणत्या साली कुणाच्या हातात होता, ते सांगता येतं. बाई नाशिकची, म्हणजे इथून पन्नासेक किलोमीटरवरची. पण ‘आपल्या जिल्ह्याची’ हे लोकांना नंतर आठवतं. आधी आठवतं मालिकेतलं नाव आणि तिला कुणी कसा त्रास दिला ते.

यंदा उन्हाळ कांदा चाळीत भरत असताना भाचीने विचारलं, "मामा, मालिकेत जायचं तर काय करावं लागतं?" ती कॉलेजात शिकते, उंच आहे, आरशापुढून लवकर हलत नाही. मी गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, बाजूला काढत "आधी नाटकात काम कर" असं मोघम बोलून सुटलो. रात्री ते उत्तर मलाच पुरेना. मग जमेल तितकं वाचलं, आठवलं, विचारलं. त्यातून एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली: नटीची कारकीर्द आपण तिच्या मालिकांच्या यादीवरून मोजतो, पण ती घडते किंवा मोडते ती दोन मालिकांच्या मधल्या काळात. त्या काळाचं कुणी होर्डिंग लावत नाही.

बढाई मारायची तर नाशिक जिल्ह्याला भरपूर जागा आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती व्हायला बाई मिळाली नाही, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला त्यांनी लुगडं नेसवलं. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई आल्या आणि पडद्यावरची बाई खरोखरची बाई झाली. १९१८मध्ये फाळक्यांची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी नाशकात उभी राहिली. पुढच्याच वर्षी ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली ती त्यांची स्वतःची मुलगी, मंदाकिनी. हे भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तिला ऑडिशन नव्हती." नव्हती. घरचीच कंपनी होती.

टीव्हीचा मामला वेगळा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि पहिल्या काही वर्षांत पडद्यावर जो चेहरा रोज दिसायचा तो नटीचा नसून बातम्या देणाऱ्या बाईचा असायचा. शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची मुलगी स्मिता तिथे मराठी बातम्या वाचायची. जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, ही गोष्ट आता दंतकथेसारखी सांगितली जाते. तिथून ती श्याम बेनेगलांच्या सिनेमात गेली. टीव्ही हा तिच्यासाठी ओटा होता, घर नव्हे.

प्रिया तेंडुलकरांचं उलट झालं. १९८५मध्ये बासू चटर्जींची ‘रजनी’ आली आणि या बाईंचं नावच बदललं. भ्रष्टाचाराला, अडवणुकीला घरात बसून कंटाळलेली गृहिणी पदर खोचून थेट समोरच्याच्या दारात जाते, एवढीच गोष्ट. पण एका भागावर मुंबईतले टॅक्सीवाले इतके चिडले की निषेध करायला उतरले. काल्पनिक बाईविरुद्ध खऱ्या माणसांनी मोर्चा काढावा, हे टीव्हीचं बळ तेव्हा पहिल्यांदा कळलं. आणि त्याची किंमतही. प्रिया तेंडुलकर चांगल्या कथालेखिका होत्या, रंगभूमीवर होत्या, पुढे त्यांनी टीव्हीवर चर्चेचा कार्यक्रम चालवला. २००२मध्ये त्या गेल्या तरी लोकांच्या तोंडी नाव एकच होतं, रजनी. आमच्या वहिनींची ‘शमिका’ तिथूनच सुरू होते.

त्या काळातली मालिका आठवड्यातून एकदा यायची, बहुतेकदा तेरा भागांची. नटीचं पोट त्यावर चालत नसे आणि चालावं अशी तिची अपेक्षाही नसे. नाटक होतं, सिनेमा होता, कित्येकींची नोकरी होती. १९८७च्या सुमाराला ‘स्वामी’मध्ये रमाबाई झालेली मृणाल देव तर शाळकरी वयातली मुलगी होती. (ती मालिका आमच्या गावात जरा जास्त मन लावून बघितली गेली असं जुनी माणसं सांगतात. माधवराव पेशव्यांच्या दरबारातले विठ्ठल शिवदेव विंचूरकर म्हणजे आमचे सरदार. गावातला त्यांचा वाडा पाहत मोठं झालेल्यांना पेशवाईची मालिका म्हणजे घरचा अल्बम.) मालिका संपली, मुलगी अभ्यासाला लागली. मृणाल कुलकर्णी म्हणून ती परतली, ‘सोनपरी’ झाली, ‘अवंतिका’ झाली, ‘फर्जंद’मध्ये जिजाबाई झाली; मध्ये दिग्दर्शिकाही झाली आणि २०१४मध्ये ‘रमा माधव’ काढून पुन्हा त्याच रमेपाशी आली. मधले काळ तिने कसे भरले ते बघण्यासारखं आहे. पण तिच्या आईचं नाव वीणा देव आणि आजोबांचं गो. नी. दांडेकर, हेही विसरून चालत नाही.

खरा फरक पडला १५ ऑगस्ट १९९९ला. अल्फा मराठी आलं, ‘आभाळमाया’ आली, सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी घराघरांत पोचली. पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी, २००८मध्ये स्टार प्रवाह. ‘चार दिवस सासूचे’ २००१मध्ये सुरू झाली ती २०१३पर्यंत चालली; तीन हजारांवर भाग. रोहिणी हट्टंगडींची सासू आणि कविता लाड यांची सून बघत आमच्याकडे मुली जन्मल्या आणि पाचवी-सहावीत गेल्या. मालिका रोजची झाली, तसं नटीचं कामही रोजाचं झालं. इथे ‘रोज’ हा शब्द शेतमजुरीच्या अर्थाने घ्यायला हरकत नाही. मानधन ठरतं ते ‘पर डे’वर. महिन्यात किती दिवस बोलावणार याची काही हमी करारात मिळते, काही मिळत नाही. दिवस बारा तासांचा धरलेला, प्रत्यक्षात मेकअप, प्रवास आणि वाट बघणं धरून पंधराचा. सेट गोरेगावच्या चित्रनगरीत, मढला, नायगावला, नाहीतर ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर. पैसे हातात येतात ते साधारण नव्वद दिवसांनी. म्हणजे पहिल्या महिन्याचं घरभाडं, रिक्षा, जेवण सगळं गावाकडून. बाजार समितीत कांदा विकून चोवीस तासांत पट्टी मागणाऱ्या माझ्या भावाला हे सांगितलं तर तो हसला.

आणि दर गुरुवारी टीआरपी येतो. कुठल्या मालिकेला किती रेटिंग, हे त्या दिवशी कळतं आणि सेटवरची हवा बदलते. रेटिंग पडलं तर कथेचा ‘ट्रॅक’ बदलतो. दोन दिवसांपूर्वी सोशिक असलेली सून एकाएकी ठणकावून बोलायला लागते, नाहीतर तिला अपघात होतो. सकाळी हातात आलेला सीन दुपारी पाठ करून संध्याकाळी दिलेला असतो. लोक मालिकांच्या अभिनयाला नावं ठेवतात. मीही ठेवतो. पण रोज पंधरा-वीस मिनिटांचं फुटेज काढून देणाऱ्या माणसाकडून आपण नेमकं काय मागतो आहोत, याचा विचार केल्यावर आवाज जरा खाली येतो.

आता नाशिकच्या तिघी.

मृणाल दुसानीस २०१०मध्ये ‘माझिया प्रियाला प्रीत कळेना’मधून आली. तिच्यासमोरचा अभिजित खांडकेकर नाशकात रेडिओवर बोलणारा, म्हणजे नायक-नायिका दोघांची मुळं एकाच शहरात. मग २०१२मध्ये ‘तू तिथे मी’, २०१५मध्ये ‘अस्सं सासर सुरेख बाई’, २०१८मध्ये ‘हे मन बावरे’. दहा वर्षांत चार नायिका. मराठी टीव्हीवर हा हिशेब फार थोड्यांना जमला. चेहरा सोज्वळ, डोळे बोलके, आवाजात नाशिकचा मऊपणा. या चारही बायका पुष्कळशा एकसारख्या होत्या अशी टीका झाली, ती खोटी नाही. पण चॅनलला तेच हवं होतं आणि तिने ते मनापासून दिलं. ‘हे मन बावरे’ २०२०मध्ये संपली. २०२१च्या सुरुवातीला त्या मालिकेच्या कलाकारांनी मानधन थकल्याचं उघडपणे लिहिलं, तेव्हा अनेक प्रेक्षकांना पहिल्यांदा कळलं की नायिकेचेही पैसे अडकतात. मृणाल अमेरिकेला नवऱ्याकडे गेली, मुलगी झाली, आणि चार वर्षं पडद्यावर तिचा पत्ता नव्हता. २०२४मध्ये ती परत आली आणि डिसेंबरात स्टार प्रवाहवर ‘लग्नानंतर होईलच प्रेम’ सुरू झाली. परत आल्यावर नायिकाच मिळाली, हे या धंद्यात लॉटरीसारखं. चुलती म्हणाली, "मंजिरी जरा भरली." बस, एवढंच स्वागत.

अनिता दातेची गोष्ट मला जास्त ओढते. तीही नाशिकची. पुण्यात ललित कला केंद्रात शिकली, प्रायोगिक नाटकं केली, बारीकसारीक भूमिका केल्या. २०१६मध्ये ‘माझ्या नवऱ्याची बायको’त राधिका झाली तेव्हा ती पस्तिशीत होती आणि नायिकेच्या चौकटीत कुठूनच बसत नव्हती. नाशिकच्या बाईने नागपूरकडची राधिका तिथल्या हेलासकट उभी केली. नवरा बाहेरख्याली, म्हणून रडणारी बायको पुढे मसाल्यांची कंपनी काढते. तिच्या उलाढालीचे आकडे ऐकून आमच्याकडे बचत गटाच्या बायका पोट धरून हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठला पुन्हा टीव्ही लावायच्या. याच मालिकेत शनाया झालेली रसिका सुनील मध्येच शिकायला अमेरिकेला गेली, तिच्या जागी ईशा केसकर आली, नंतर रसिका परतली. प्रेक्षकांनी चार दिवस कुरकुर केली. चेहरा बदलता येतो, ट्रॅक थांबत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार? अनिता मात्र मालिका चालू असतानाच २०१८च्या ‘तुंबाड’मध्ये विनायकच्या बायकोच्या भूमिकेत दिसली, मालिका संपल्यावर ‘मी वसंतराव’मध्ये वसंतरावांची आई झाली. त्या सिनेमात तिला बघून राधिका आठवत नाही, हे मी तिचं सर्वांत मोठं यश मानतो. मधला काळ तिच्यासाठी रिकामा नव्हता, कारण नाटकाचं दार तिने कधी लावूनच घेतलं नव्हतं.

तिसरी सायली संजीव. जन्म धुळ्याचा, वाढली नाशकात, शिकली राज्यशास्त्र. २०१६मध्ये ‘काहे दिया परदेस’मधली गौरी सावंत: मुंबईची मराठी मुलगी आणि बनारसचा शिव. मालिका दीडेक वर्षात आटोपली आणि सायलीने लगोलग दुसरी धरली नाही. सिनेमाकडे वळली. ‘आटपाडी नाइट्स’, ‘झिम्मा’, मध्ये पुन्हा एक मालिका, आणि मग शंतनू रोडेंचा ‘गोष्ट एका पैठणीची’, ज्याला ६८व्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. साध्या घरातली, पैठणीची आस धरलेली इंद्रायणी तिने फार हलक्या हाताने केली आहे. येवला इथून तासाभराच्या आत आहे. पैठणी कशी विणतात हे पाहिलेले आणि पैठणी कधीच न नेसलेले असे दोन्ही प्रकारचे लोक या पट्ट्यात भरपूर आहेत, कित्येकदा एकाच घरात. आमच्याकडे हा सिनेमा पाहताना बायका गप्प होत्या. मालिका बघताना त्या कधीच गप्प नसतात.

मॉडेलिंगचं थोडक्यात. नाशिकच्या सायली भगतने २००४मध्ये फेमिना मिस इंडिया वर्ल्डचा मुकुट मिळवला, चीनमधल्या सान्या इथे मिस वर्ल्डला गेली, २००७मध्ये ‘द ट्रेन’मधून हिंदी सिनेमात आली, तेलुगू-तमिळमध्ये काम केलं. मुकुट मोठा होता, पुढचा रस्ता त्या मानाने अरुंद निघाला. तेव्हापासून नाशकात पोर्टफोलिओ काढून देणाऱ्यांची चलती झाली. आमच्या गल्लीतल्या एका मुलीच्या वडिलांनी द्राक्षाच्या पैशातून असा एक काढला होता. काढून देणाऱ्यांनी पंधरा हजार घेतले, मुंबईत काम मिळवून देतो म्हणाले, पुढे फोन उचलला नाही. तो अल्बम मी पाहिलाय. जाड काळी पानं, प्लॅस्टिकचं वेष्टण. पहिल्या फोटोत नऊवारी, दुसऱ्यात जीन्स, तिसऱ्यात उसना गाऊन, पाठीला चिमटे लावून घट्ट केलेला. चिमट्याचं एक टोक फोटोत आलंय. ती मुलगी आता वाइन पार्कमध्ये पॅकिंगला जाते आणि अल्बम कपाटात लग्नाच्या साड्यांखाली आहे.

जिल्ह्यातलं खरं मॉडेलिंग म्हणजे साडीच्या दुकानाचं होर्डिंग, सराफाचं दिवाळीचं पान, लग्नाच्या मेकअपचं प्रात्यक्षिक, आणि आता इन्स्टाग्रामवरची रील. त्यात पैसे थोडे आहेत पण रोख आहेत. मालिकेतल्या नट्यांचाही मधला काळ पुष्कळदा असाच भरतो: दुकानाची उद्घाटनं, दहीहंडी, नवरात्रातली हजेरी, रीलवरची जाहिरात. नाकं मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की मालिका चालू असताना जी ओळख मिळते ती वर्षभरात विरते. कांदा निदान चाळीत चार-पाच महिने ठेवता येतो, भाव आला की काढता येतो. इथे चाळ नाही.

म्हणून प्रश्न उरतो तो हा, की थांबणं कुणाला परवडतं. मुंबई-पुण्याच्या मुलीला आईवडिलांचं घर असतं. काम नसलं तर ती आपल्या खोलीत झोपते. तालुक्याच्या मुलीला काम नसलं तरी पेइंग गेस्टचं भाडं असतं. ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरकडे आणि ‘लागिरं झालं जी’ साताऱ्याकडे चित्रित व्हायला लागल्या तेव्हा वाटलं होतं की आता सेटच गावाकडे येतील आणि तिथल्या पोरी घरून डबा घेऊन कामाला जातील. छोट्या भूमिकांमध्ये ते झालं. स्थानिक बोलीची माणसं आली, छान कामं करून गेली. पण मालिका संपली की तंबू उठतो आणि पुढचं ऑडिशन पुन्हा अंधेरीत असतं.

करोनाने हे सगळं उघडं पाडलं. मार्च २०२०मध्ये चित्रीकरण बंद झालं, जुलैत नवे भाग आले. सप्टेंबरमध्ये साताऱ्यात ‘आई माझी काळूबाई’च्या युनिटला संसर्ग झाला आणि आशालता वाबगावकर गेल्या. मत्स्यगंधा म्हणून ज्यांनी रंगभूमी गाजवली त्या बाई ऐंशीच्या घरात एका मालिकेच्या सेटवर कामाला होत्या. पुढच्या वर्षी राज्यात पुन्हा निर्बंध आले तेव्हा मालिका गोव्याला, दमणला, सिल्वासाला गेल्या, पण थांबल्या नाहीत. थांबणं चॅनललाही परवडत नाही.

एक बरी गोष्ट मात्र घडली आहे. पूर्वी तिशी उलटली की नटी आईच्या भूमिकेत आणि चाळिशीनंतर सासूच्या. २०१९मध्ये ‘अग्गंबाई सासूबाई’त निवेदिता सराफ यांची सासूच नायिका झाली, तिचं लग्नही लागलं; त्याच वर्षाच्या शेवटी ‘आई कुठे काय करते’ आली आणि मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती पाच वर्षं चालली. यात चॅनलचा उदात्त हेतू शोधायला जाऊ नये. संध्याकाळी टीव्हीपुढे कोण बसतं, हे त्यांना आकड्यांतून कळलं, इतकंच. पण त्यामुळे नटीच्या आयुष्यात दहा-पंधरा वर्षांची भर पडली, हे खरं.

भाचीला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं, पण व्हिडिओ तर काढून दे." ऑडिशनच्या आधी ओळखीचा व्हिडिओ पाठवावा लागतो, तो. गच्चीवर गेलो. मागे धुतलेली गोणपाटं वाळत होती, ती काढली. नाव, वय, उंची. उजवीकडे वळ, डावीकडे वळ, हात दाखव. हात दाखवताना तिने नखं एकदा निरखली. निवडणीने काळपट झाली होती. रस्त्यावरून ट्रॅक्टर चालले होते म्हणून तीनदा थांबावं लागलं. शेवटी ‘सध्या काय करता’ असं सांगायचं होतं. पहिल्या खेपेला ती पटकन बोलून गेली, "कॉलेज, आणि सध्या कांदे निवडतेय." मग जीभ चावली.

"हे काढून टाकू?" मी विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली. "नको, काढ. थांब, दोन्ही ठेव. मग बघू."